मधल्या खोलीतले काका

काकांना कुणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. पगारपत्रकावर काय असेल ते असो, इमारतीत ते ‘मधले काका’. कारण साधं होतं, ते मधल्या खोलीत बसत. आणि भावाभावांच्या भांडणात मधल्याचं जे होतं तेच त्यांचं झालं होतं. बोलणी दोन्हीकडची खायची, आणि वाटणीच्या वेळी कुणाला आठवायचं नाही.

आमची इमारत लांबट, एकमजली आणि करड्या रंगाची होती. आत तीन मोठी दालनं. एक भूदलाचं, एक नौदलाचं, एक हवाई दलाचं. तिन्ही दलांनी मिळून लढायचं असेल तर त्यांच्या यंत्रांना एकमेकांचं बोलणं कळायला हवं, म्हणून ही इमारत बांधलेली. बांधताना मात्र तीन दारं केली, तीन कुलपं लावली, आणि चहाच्या किटल्यासुद्धा तीन. काका या दालनांना माती, पाणी आणि वारा म्हणत. “आज मातीचं डोकं तापलंय, उद्या जा,” असं ते मला सांगत, आणि मी उद्याच जात असे.

मधली खोली पूर्वी झाडू-बादल्यांची होती. फरशीवर बादल्यांचे गंजलेले गोल अजून दिसत. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, तीन टेलिफोन आणि एक डबा. डबा म्हणजे काकांनीच बांधलेलं यंत्र. एका दलाकडून आलेली माहिती दुसऱ्या दलाला समजेल अशी करून पुढे पाठवायची, हे त्याचं काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मी तिथे आले ती काकांची जागा घ्यायला. दूरसंचार कंपनीत अर्धं आयुष्य काढलेलं, पोरं मोठी झालेली, तोंड फटकळ. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, “काका, यात एवढं अवघड काय आहे? हा बोलतो, तो ऐकतो.”

“बस,” ते म्हणाले. “उत्तर दिशा कुठे आहे, दाखव.”

मी खिडकीकडे बोट केलं.

“ही कुठली उत्तर? होकायंत्राची, नकाशावरच्या चौकटींची, की पृथ्वीच्या अक्षाची? माती एक धरते, वारा दुसरी धरतो. पाणी तिसरी धरतं आणि वर म्हणतं, बाकीचे चुकलेत.”

नंतर हळूहळू कळत गेलं. वारा उंची फुटांत सांगायचा, माती मीटरमध्ये मागायची. एकाचं घड्याळ इथल्या वेळेवर, दुसऱ्याचं साऱ्या जगाच्या वेळेवर. आकाशात विमान एकच, पण नौदलाच्या पडद्यावर त्याला एक क्रमांक, हवाई दलाच्या पडद्यावर दुसरा, आणि भूदलाच्या तोफखान्याच्या पडद्यावर ती दोन विमानं. शिवाय आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हा नियम यंत्रांनासुद्धा शिकवून ठेवलेला. स्वतःच्या रडारने पाहिलं तर खात्रीचं, शेजाऱ्याने पाहिलं तर ‘संशयित’. दरवर्षी संयुक्त सराव आला की काका महिनोन्‌महिने खपून हे सगळं जुळवायचे. सराव संपला की प्रत्येक दल आपापल्या यंत्राच्या मांडण्या पूर्वीसारख्या करून टाकायचं, आणि पुढच्या वर्षी पहिले पाढे पंचावन्न.

मी चिडायचे. काका चिडायचे नाहीत. चिडायलाही अंगात जोर लागतो, आणि तो त्यांच्यात उरला नव्हता. ते चष्मा काढून डोळे चोळायचे, पुन्हा चष्मा लावायचे आणि फोन उचलायचे.

फोनचं सांगायलाच हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. एका दालनातून दुसऱ्या दालनात थेट फोन लागत नसे. गुप्ततेचं कारण होतं म्हणे. तिन्ही फोन फक्त काकांच्या टेबलावर वाजायचे. पडद्यावर काही न जुळणारं दिसलं की तोफखान्याचा कॅप्टन विचारायचा, “काका, हा तोच ना?” काका पाण्याला विचारायचे, वाऱ्याला विचारायचे आणि मग सांगायचे, “तोच. मागचा धरा.” हे कुठल्याच नियमावलीत नव्हतं, कुणी ठरवलेलंही नव्हतं. पण सगळे विचारायचे, काका सांगायचे आणि सराव पार पडायचा. वर कळवलं जायचं की यंत्रं उत्तम जुळली.

जुळली कसली डोंबलाची! काका जुळवत होते.

त्यातही एक गोष्ट अशी होती की ऐकून माझं डोकं भणभणलं. तोफखान्याच्या सरावात एक लहान विमान लांब तारेला कापडी निशाण बांधून ओढत नेतं. तोफांनी मारायचं ते मागच्या कापडावर. समुद्राच्या बाजूने ही जोडी सरळ रेषेत आली की नौदलाच्या रडारला एकच ठिपका दिसतो, आणि ते त्याला ‘निशाण’ म्हणतं. हवाई दलाला दोन ठिपके दिसतात, पुढे विमान, मागे कापड. आता कुणाचं खरं धरायचं? सरळ उत्तर होतं, ज्याला दोन दिसतात त्याचं. पण तसं केलं तर पाण्याचा मान जातो. म्हणून दोन्हीकडच्या साहेबांनी बैठका घेतल्या आणि तडजोड केली. ठिपक्याचं नाव नौदलाचं घ्यायचं आणि जागा हवाई दलाची घ्यायची. अर्धं तुझं, अर्धं माझं. दोघंही खूश. डब्याला तसंच शिकवायचं फर्मान निघालं.

परिणाम काय झाला? ‘निशाण’ हे नाव पाण्याकडून आलं, आणि जागा वाऱ्याच्या पहिल्या ठिपक्याची आली. पहिला ठिपका म्हणजे पुढचा, म्हणजे विमान. तोफखान्याच्या पडद्यावर आपल्याच विमानाच्या डोक्यावर ‘निशाण’ अशी पाटी.

“मग बदला की ते!” मी म्हटलं.

“डब्याला दोन सीलबंद मोहरा आहेत, एक पाण्याची, एक वाऱ्याची. त्या काढल्याशिवाय आत हात घालता येत नाही,” काका म्हणाले. “दोघांनी एकदम काढायच्या. मी लिहून थकलो. एक म्हणतो त्यांनी आधी मान्य करावं, दुसरा म्हणतो त्यांनी आधी. घोंगडं भिजत पडलंय.”

“आणि तोवर?”

“तोवर मी सांगतो ना फोनवर, मागचा धरा म्हणून.”

ते विमान चालवणारा एकदा आमच्या खोलीत येऊन गेला होता. सगळे त्याला दोरीवाला म्हणत. टकला, हसरा, सतत काहीतरी चघळणारा. चहा पिता पिता काकांना म्हणाला, “काका, त्यांना सांगा, शेपटीवर मारा, डोक्यावर नको. डोक्यावर आधीच केस नाहीत.” आम्ही तिघंही हसलो. तो गेल्यावर काकांनी दोन्हीकडच्या साहेबांना पुन्हा एक पत्र लिहायला घेतलं.

काकांचं घर मात्र इथे नव्हतं. म्हणजे इथे एक खोली होती, एक खाट, एक शेगडी, दोरीवर वाळत घातलेले दोन सदरे. घर दुसऱ्या गावी, जिथे काकू राहायच्या. काकू शाळेत शिकवायच्या. मग त्यांच्या वडिलांनी अंथरूण धरलं, आणि त्या त्यांच्यापाशी गेल्या त्या तिथेच राहिल्या. काका म्हणाले होते, या सरावानंतर मी येतो. तो सराव झाला. मग पुढचा झाला. काकूंचे वडील गेले, आणि त्यानंतरही सराव झाले. मी येऊन वर्षं झाली तरी, काकांनी सेवेतून मोकळं करावं म्हणून अर्ज दिला की उत्तर यायचं, “तुमच्याशिवाय कसं चालेल?” हे कौतुक आहे असं सगळ्यांना वाटायचं. मला ते गळ्यातलं लोढणं वाटायचं.

मोबाइल आत नेता येत नसत, म्हणून फाटकाजवळ लोखंडी कप्पे होते आणि बाजूला एक बाक. संध्याकाळी बसची वाट बघत काका तिथून घरी फोन करायचे. वर्षानुवर्षं कानाला फोन लावून लावून डावा कान गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. साऱ्या बसथांब्याला त्यांचा संसार तोंडपाठ होता.

“अहो, मी आता वाट बघत नाही,” काकू एकदा म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. “वाट बघण्याची पण सवय मोडते माणसाची. आलात तर या. एक कप्पा रिकामा करून ठेवलाय कपाटातला. त्यात आता कुणाची तरी शिवणाची पिशवी जाऊन बसते अधूनमधून.”

“येतो गं,” काका म्हणाले.

“हं,” काकू म्हणाल्या.

त्या वर्षी आमच्याकडे नवे मोठे साहेब आले. दर दोन वाक्यांनी ते ‘एकजूट’ म्हणायचे, म्हणून त्यांचं नाव एकजूट साहेब पडलं. माणूस वाईट नव्हता, फक्त कागदांवर त्यांचा फार विश्वास. त्यांनी मागचे अहवाल वाचले आणि आम्हाला बोलावलं.

“यंत्रं इतकी उत्तम जुळतात, तर मधे माणूस कशाला?” ते म्हणाले. “तोफांचा खरा मारा पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी कोरडी चाचणी घेऊ. तोफा रिकाम्या, विमान खरं. काका, तुम्ही मधल्या खोलीत बसायचं नाही, आणि कुणी कुणाला काही सांगायचं नाही; बाई फक्त डब्याचे दिवे बघतील. चाचणी नीट पार पडली तर ती खोली बंद, या बाई मुख्य कचेरीत, आणि काका, तुम्ही मोकळे. त्याच दिवशी सही करतो. नाही पार पडली तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत थांबावं लागेल.”

काकांनी मान हलवली. मग म्हणाले, “साहेब, तो तडजोडीचा नियम—”

“त्यावर वेगळी बैठक लावू,” साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर मी काकांना म्हटलं, “आता कुणाचं काही ऐकू नका. जा. घरी जा. यांना यांचं करू दे.”

“चाचणी नापास होणार, तुला माहितीय.”

“कॅप्टन फोन करेलच सवयीने. मी आत बसणार आहे ना, डब्याचे दिवे बघायला? मी सांगेन मागचा धर म्हणून. पास होईल. तुम्ही सुटाल.”

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं, पटलंय. त्या संध्याकाळी बाकावरून त्यांनी काकूंना सांगितलं की बहुतेक या आठवड्यात येतोय. मग काकू म्हणाल्या, “खरं सांगताय?” त्यांचा आवाज एखाद्या शाळकरी मुलीसारखा झाला होता. मी तोंड फिरवून बसची वाट बघायला लागले.

चाचणीच्या सकाळी काका खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आत बसायला मनाई, बाहेर नव्हती. मी आत, डब्यासमोर. छोट्या पडद्यावर तिन्ही दालनांना काय दिसतंय ते मला दिसत होतं. विमान समुद्राकडून वळलं, निशाण मागे. पाण्याला एक ठिपका, वाऱ्याला दोन. डब्याने इमानेइतबारे अर्धं याचं, अर्धं त्याचं केलं, आणि मातीच्या पडद्यावर दोरीवाल्याच्या विमानाला ‘निशाण’ ही पाटी चिकटली.

मातीचा फोन वाजला.

माझा हात गेलाच. दोन शब्द बोलायचे होते, ‘मागचा धरा’, आणि एक माणूस घरी जाणार होता. मी काही फार मोठं पाप करत नव्हते.

“हात लावू नकोस,” काका दारातून म्हणाले.

“काका, गप्प बसा.”

“अगं, आज उचललास तर ही खोली बंद होईल. पुढच्या आठवड्यात तोफा भरलेल्या असतील, आणि फोन वाजेल तेव्हा इथे कुणी नसेल.” ते खुर्चीतून उठलेही नव्हते. “वर तो दोरीवाला असेल.”

फोन वाजत होता.

“मग तुम्ही घरी कधी जाणार?” मी ओरडले. खरंच ओरडले.

“वाजू दे,” ते म्हणाले.

मी हात मागे घेतला. एवढा राग मला कुणाचाच आला नव्हता, ना साहेबांचा, ना त्या तडजोडवाल्यांचा. काकांचा आला. ते दाराबाहेर पाय जवळ घेऊन, मांडीवर हात ठेवून बसले होते आणि फोनकडे बघत होते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

फोन थांबला. पलीकडे कॅप्टनने थोडा वेळ काढला असेल, मग त्याला मिळालेला हुकूम आठवला असेल की आज कुणाला विचारायचं नाही, पडदा दाखवेल ते खरं. त्याने माऱ्याची कळ दाबली. तोफा रिकाम्या होत्या, म्हणून आवाज झाला नाही. पडद्यावर फक्त निकाल उमटला. अचूक वेध. वेध घेतलेल्या ठिकाणी काय होतं ते हवाई दलाच्या दालनात सगळ्यांना दिसत होतं. तिकडून कुणीतरी मोठ्याने शिवी हासडली. ती भिंतीतून आमच्याकडे ऐकू आली.

दुपारी बैठक झाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिन्ही दालनांचे लोक एका खोलीत बसलेले मी पाहिले. कॅप्टनचा चेहरा पांढराफटक पडला होता. एकजूट साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो काकांना, “फोन का नाही उचलला?”

मला हसावं की रडावं कळेना. उचलू नका म्हणणारे हेच, आणि का नाही उचलला विचारणारेही हेच.

“तुम्ही सांगितलं होतं म्हणून,” काका म्हणाले. मग उभे राहिले. त्यांना बैठकीत उभं राहून बोलायची सवय नव्हती, त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. “साहेब, ही यंत्रं जुळलेली नाहीत. कधीच नव्हती. इतकी वर्षं त्यांच्यामधे मी होतो. आज मी नव्हतो, तर काय झालं ते तुम्ही बघितलंत. मी पण कधीतरी नसेन. तेव्हा हे नाव एकाचं आणि जागा एकाची, हे आजच्या आज काढा.”

पाण्याचे साहेब वाऱ्याच्या साहेबांकडे बघत होते. मग कॅप्टन उठला. वयाने सगळ्यांत लहान, हुद्द्याने सगळ्यांत खाली. म्हणाला, “मी माझ्याच माणसाला पाडलं असतं.” एवढंच म्हणाला आणि बसला.

मोहरा त्याच दिवशी काढायचं ठरलं. खरा मारा पुढे ढकलला. थेट फोनची तार टाकायचं ठरलं. नवे नियम लिहायचे, तिन्ही दालनांच्या लोकांना ते शिकवायचे, पुन्हा चाचण्या घ्यायच्या. आणि हे सगळं कोण करणार? एकजूट साहेब काकांकडे बघून म्हणाले, “तुम्हाला आता सोडता येणार नाही. निदान पुढचा सराव होईपर्यंत.” बोलताना त्यांनी मान खाली घातली होती, हे कबूल करते. त्यांना कळलं होतं की काकांनी काय केलंय.

काका “बरं” म्हणाले.

संध्याकाळी आम्ही फाटकाजवळच्या बाकावर बसलो. दोरीवाला त्याच्या गाडीतून जाताना थांबला, खाली उतरला, काकांपाशी आला. काही विनोद करेल असं वाटलं होतं. त्याने काकांचा हात दोन्ही हातांत धरला, सोडला आणि निघून गेला. त्याला घरी वेळेवर पोचायचं असणार.

काकांनी कप्प्यातून मोबाइल काढला. नंबर लावायला त्यांना वेळ लागला. मी उठून जायला हवं होतं, पण मला उठवेना.

“हं, बोला,” काकू म्हणाल्या. मागे भांड्यांचा आवाज होता. “कधीची गाडी आहे?”

काकांनी सगळं सांगितलं. विमान, निशाण, फोन. काही लपवलं नाही. फोन उचलला असता तर आज सुटलो असतो, हेसुद्धा सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तो माणूसच तसा.

भांड्यांचा आवाज थांबला होता.

“म्हणजे तुम्ही येत नाही,” काकू म्हणाल्या.

“नाही.”

“त्या विमानातल्या माणसाला बायको आहे?”

“आहे.”

बस आली. आम्ही चढलो नाही. दार उघडलं, मिटलं आणि ती गेली. मी मनात म्हटलं, आता त्या फोन ठेवतील, आणि ठेवला तरी त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग काका म्हणाले, “मी फार दमलोय गं.”

इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर काढली, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. थकलो म्हणायचे ते अर्जांबद्दल, बैठकांबद्दल. हे वेगळं होतं. फोन त्यांनी मांडीवर ठेवला होता.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. काकू खुर्चीत टेकल्या असणार.

“दमलात तर बसा जरा,” त्या म्हणाल्या. “काही बोलू नका. मी आहे.”

काका बसून राहिले. काकू तिकडे बसल्या. पुढची बस आली, तीही आम्ही जाऊ दिली.